आजोबांची पाच हजारांची ठेव, वक्फ आणि हार्वर्ड

कृष्णाकाठ

माझ्या आजोबांनी १९७१ साली तालुक्याच्या कॉलेजला पाच हजार रुपये ठेव म्हणून दिले होते. सोबतच्या पत्रात एकच अट होती. मुद्दलाला हात न लावता व्याजातून दरवर्षी बी.एस्सी.ला गणितात पहिल्या येणाऱ्या, तालुक्यातल्याच विद्यार्थ्याला पारितोषिक द्यावं. तेव्हा वर्षाला तीनशेच्या आसपास व्याज यायचं. तेवढ्यात एका मुलाची वर्षाची फी भागून वह्या-पुस्तकंही व्हायची. गेल्या महिन्यात संस्थेचं पत्र आलं. मुलं मिळत नाहीत म्हणून गणित हा विशेष विषय बंद झालाय, व्याजात आता एक धड पुस्तकही येत नाही, तेव्हा अशा सगळ्या जुन्या ठेवी एका सामायिक निधीत घालायला वारसांनी संमती द्यावी.

घरात दोन तट पडलेत. काका म्हणतात, अण्णांचा शब्द आहे, एक अक्षर बदलायचं नाही. आत्या म्हणते, अण्णांना पोरं शिकायला हवी होती, पावत्या जपायला नको होत्या.

मी इतिहासाचा निवृत्त शिक्षक. निकाल लावता येईना म्हणून वाचायला बसलो, तर दिसलं की काका-आत्यांचं हे भांडण बगदाद, फेज आणि ऑक्सफर्डात कित्येक शतकं चाललेलं आहे.

'वक्फ' या अरबी शब्दाचा अर्थच मुळी थांबवणं, अडवून ठेवणं. पुढे दुसरे खलिफा झालेल्या उमर यांना खैबरला जमीन मिळाली. तिचं काय करू, असं त्यांनी पैगंबरांना विचारलं. मूळ राखून ठेव आणि फळ दान कर, असं उत्तर मिळालं. जमीन विकायची नाही, बक्षीस द्यायची नाही, वारसांत वाटायची नाही. वक्फचा सगळा कायदा या एका प्रसंगाभोवती उभा राहिला. देणारा तो वाकिफ, सांभाळणारा मुतवल्ली आणि अटींचा कागद तो वक्फनामा.

याच पायावर मोठमोठी विद्यापीठं उभी राहिली. मोरोक्कोतल्या फेज शहरातली अल्-करवियीन मशीद ८५९ साली फातिमा अल्-फिहरी या बाईने बांधली असं परंपरा सांगते. मशिदीभोवती वर्ग भरू लागले आणि शहरातली दुकानं, घरं, शेतं तिच्या नावे वक्फ होत गेली. कैरोची अल्-अझहर दहाव्या शतकातली. सेल्जुक वजीर निजाम-उल-मुल्क याने १०६७ मध्ये बगदादला निजामिया उघडली, तिथे शिक्षकाला पगार, विद्यार्थ्याला राहणं आणि जेवण, सगळं बांधून दिलेल्या मिळकतीतून. प्रख्यात धर्मपंडित गझाली १०९१ पासून काही वर्षं तिथेच शिकवत होते.

आता ऑक्सफर्ड. इंग्लंडचे चान्सलर राहिलेले वॉल्टर द मर्टन यांनी १२६४ मध्ये सरे परगण्यातली मॉल्डन आणि फार्ली ही आपली दोन वतनं लावून दिली. त्यांच्या उत्पन्नावर विद्यार्थ्यांनी शिकावं, ही अट. हा कागद वक्फनाम्याशी इतका जुळतो की कॉलेजची कल्पना धर्मयुद्धांच्या काळात पूर्वेकडून आली असावी असं काही अभ्यासकांनी मांडलं. उसनवारी सिद्ध करणारा कागद मात्र नाही, आणि मला तो वाद फारसा महत्त्वाचा वाटत नाही. मला महत्त्वाचं वाटतं ते मर्टनच्या पुढच्या नियमांत, १२७४ मध्ये घडलं ते. कॉलेज ही स्वतःच एक कायदेशीर 'व्यक्ती' झाली. जमीन तिची, शिक्का तिचा, आणि आत राहणारे फेलो आपसांत बसून कारभार ठरवणार. इस्लामी कायद्यात अशी व्यक्ती नव्हती. तिथे वाकिफची अट म्हणजे धर्मवचनासारखीच, असं फकीह, म्हणजे इस्लामी कायद्याचे पंडित, सांगत. म्हणजे वक्फमध्ये मेलेला माणूस बोलत राहतो, आणि कॉलेजमध्ये त्याला उत्तर द्यायला कुणीतरी जिवंत बसलेलं असतं.

आमच्या अण्णांनी नेमकं काय दिलं होतं, पाच हजार रुपये की एका पोराचं एक वर्ष? तुमची मतं हवीत. वक्फ मंडळाच्या सध्याच्या कायद्यावरून भांडायला कृपया दुसरा धागा काढावा.

शिळोप्याचा ओटा

वाचतेय. आत्यांच्या बाजूने एक मत.

हिशेबनीस

व्यवसायाने सीए आहे. वीसेक वर्षं शैक्षणिक ट्रस्टांची ऑडिट करतोय. अशी मेलेली पारितोषिकं ताळेबंदात रांगेने पाहिलीत. 'कै. अमुक स्मृती, मुद्दल १,००१'. दरवर्षी वाचतो आणि दरवर्षी वाईट वाटतं.

तुमच्या अण्णांची ठेव मारली ती महागाईने, आणि त्याहून जास्त 'व्याज सगळं वाटा, मुद्दल तसंच ठेवा' या सवयीने. मुद्दलाचा आकडा तसाच राहिला, किंमत गेली. आता कुणी म्हणेल, थोडं व्याज मुद्दलात परत घातलं असतं तर? हिशेब करून पाहिला. दरवर्षी दोन टक्के परत घातले असते तरी ५४ वर्षांनी साडेचौदा हजारच झाले असते. म्हणजे नुसत्या मुदत ठेवीत हे वाचणारच नव्हतं.

अमेरिकेतही १९६० च्या दशकापर्यंत हेच चालायचं. विश्वस्त रोखे घेत आणि त्यावरचं व्याज खर्च करत. १९६९ मध्ये फोर्ड फाउंडेशनने यावर अभ्यास करून घेतला. शेअरची किंमत वाढली तर त्या वाढीतला भाग खर्च करायला कायदा आडवा येत नाही, असा त्याचा रोख. मग १९७२ मध्ये राज्यांसाठी नमुना कायदा आला, २००६ मध्ये सुधारलेला आला. 'व्याज' आणि 'मुद्दल' ही भिंतच पाडली. निधीच्या गेल्या काही वर्षांच्या सरासरी मूल्याच्या साडेचार-पाच टक्के खर्च करा, बाकी वाढू द्या. येल विद्यापीठाचा निधी सांभाळायला डेव्हिड स्वेन्सन १९८५ मध्ये आले तेव्हा तो एक अब्ज डॉलरच्या थोडा वर होता. २०२१ मध्ये ते गेले तेव्हा तो तीस अब्जांच्या पुढे होता, आणि मधली सगळी वर्षं त्यातून खर्चही होत होता.

हार्वर्डचं २०२४ आर्थिक वर्षाचं चित्र असं: निधी ५३.२ अब्ज डॉलर, त्यातून वर्षात २.४ अब्ज विद्यापीठाला दिले, आणि चालू उत्पन्नातला ३७ टक्के वाटा त्याचाच. पण हा एक गल्ला नाही, हे लोक विसरतात. चौदा हजारांहून जास्त वेगवेगळे निधी आहेत आणि बहुतेकांवर देणाऱ्याची अट आहे. अमुक विषयाचं अध्यासन, अमुक गावच्या मुलाला शिष्यवृत्ती. गुंतवणूक एकत्र, हिशेब वेगळा. म्हणजे तुमच्या अण्णांसारखे चौदा हजार अण्णा तिथे बसलेत. संस्थेने पैसे एकत्र गुंतवावेत याला काकांनी हरकत घेऊ नये. नाव आणि हेतूचं खातं वेगळं ठेवावं, एवढाच आग्रह धरा.

कायद्याचं थोडं. ठेव दिली त्या क्षणी ती ट्रस्टची झाली, वारसांची संमती मागणं हा संस्थेचा सभ्यपणा. हेतूच पार पाडता येत नसेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ५५ मध्ये वाट आहे, धर्मादाय आयुक्तांमार्फत न्यायालयाकडे जाऊन मूळ हेतूच्या सर्वांत जवळचा हेतू ठरवून घ्यायचा. आयकराच्या नियमाने ट्रस्टला वर्षाच्या उत्पन्नातले ८५ टक्के साधारण खर्चावेच लागतात, आणि गुंतवणुकीच्या जागाही ठरवून दिल्यात. थेट शेअर घेता येत नाहीत, म्युच्युअल फंडाची युनिट्स चालतात. पण विश्वस्त घाबरतात आणि बँकेच्या ठेवीपलीकडे जात नाहीत.

बे एरियातला वाडा

हिशेबनीस, उत्तम प्रतिसाद. मी कॅलिफोर्नियात पालो आल्टोजवळ राहतो, म्हणून स्टॅनफर्डबद्दल लिहितो. 'पाश्चात्य निधी म्हणजे शेअर आणि वक्फ म्हणजे जमीन' ही विभागणी इथे पार कोसळते.

लेलँड आणि जेन स्टॅनफर्ड यांचा एकुलता मुलगा १८८४ मध्ये फ्लॉरेन्सला विषमज्वराने गेला, पंधरा वर्षांचा होता. पुढच्याच वर्षी त्यांनी त्याच्या नावाने विद्यापीठाचा दानलेख केला. त्यात जमीन आहे, आज मोजली तर ८,१८० एकर. आणि अट आहे की ही जमीन कधीही विकायची नाही. उमर यांच्या खैबरच्या जमिनीचीच अट!

विकता येत नाही, म्हणून विद्यापीठाने ती भाड्याने द्यायला सुरुवात केली. १९५१ मध्ये औद्योगिक पार्क काढलं, तिथे लांब मुदतीच्या पट्ट्यावर कंपन्या आल्या, आणि सिलिकॉन व्हॅली ज्याला म्हणतात त्याचा एक मोठा तुकडा या न विकता येणाऱ्या जमिनीवर उगवला. शॉपिंग सेंटरही तिचंच. प्राध्यापक घर विकत घेतात तेही फक्त घर, खालची जमीन पट्ट्यावर. मोरोक्को-इजिप्तमध्ये वक्फ जमिनी अशाच दीर्घ पट्ट्याने दिल्या जात. मग एकीकडे त्यातून दौलत उभी राहिली आणि दुसरीकडे पट्टेदारच मालक होऊन बसला, असं का? भाडं वेळोवेळी बाजाराप्रमाणे वाढवून घेणारी, दाव्याला उभी राहू शकणारी संस्था मागे होती की नाही, यावर सगळं अवलंबून, असं मला वाटतं.

जेनबाईंबद्दल एक सांगायलाच हवं. १८९३ मध्ये नवरा गेला, मिळकत कोर्टात अडकली, सरकारनेही दावा लावला. न्यायालयाने घरखर्चासाठी जे मंजूर केलं त्यातून त्या प्राध्यापकांचे पगार देत राहिल्या. १८९६ मध्ये दावा निकालात निघाला तेव्हा विद्यापीठ जिवंत होतं.

शिळोप्याचा ओटा

या धाग्यात बायका किती आहेत बघा. फातिमा अल्-फिहरी, जेन स्टॅनफर्ड. हार्वर्डला पहिली शिष्यवृत्ती १६४३ मध्ये लंडनच्या लेडी मोल्सन यांनी दिली, शंभर पौंड. त्यांचं माहेरचं नाव अ‍ॅन रॅडक्लिफ, तेच पुढे तिथल्या मुलींच्या कॉलेजला मिळालं. कैरो विद्यापीठ १९०८ मध्ये लोकवर्गणीवर सुरू झालं आणि डबघाईला आलं, तेव्हा इजिप्तचे एके काळचे राज्यकर्ते खेदिव इस्माइल यांची मुलगी फातमा हिने जमिनीचं उत्पन्न वक्फ करून दिलं, इमारतीला जागा दिली, अंगावरचे दागिने दिले. आणि आपल्याकडे कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला १९२० मध्ये विठ्ठलदास ठाकरसींनी पंधरा लाखांची देणगी दिली, ती आईच्या, नाथीबाईंच्या नावाच्या अटीवर. एस.एन.डी.टी. म्हणताना तिचं नाव आपण दिवसातून किती वेळा घेतो, पण ते एका आईचं नाव आहे हे लक्षात राहत नाही.

पाणचक्कीजवळ

मी औरंगाबादचा, आता छत्रपती संभाजीनगर. माझ्या लहानपणाचा रस्ता पाणचक्कीवरून जायचा. बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्याची ही चक्की. डोंगराकडून खापरी नळांनी आणलेलं पाणी उंचावरून पडतं, त्यावर जातं फिरतं, आणि खानकाहात, म्हणजे सूफी मठात, राहणाऱ्या फकिरांचं, शागिर्दांचं, वाटसरूंचं पीठ निघतं. आवारात ग्रंथालयही होतं. वक्फ म्हणजे काय ते मला कायद्याच्या पुस्तकाआधी इथे कळलं. पाणी वाहतं तोवर भाकरी आहे.

आज लोक ती बघायला येतात. पीठ कुणाला नको. चक्की आहे तशी ठेवली, तिचं काम गेलं. कृष्णाकाठ यांच्या गणित विभागाचंही तेच झालंय.

मुसलमानांच्या स्थितीचा अभ्यास करणाऱ्या सच्चर समितीने २००६ मध्ये आकडे दिले होते. देशात नोंदलेल्या वक्फ मिळकती सुमारे ४.९ लाख, जमीन ६ लाख एकर, बाजारभावाने किंमत १.२ लाख कोटी, आणि वर्षाचं उत्पन्न १६३ कोटी. नीट वापरल्या तर दहा टक्क्यांनी १२ हजार कोटी मिळावेत असा त्यांचा अंदाज होता. हा फरक मी फक्त आकडा म्हणून वाचू शकत नाही. माझ्या वर्गात तीन मुलं होती जी दहावीनंतर गॅरेजला लागली. ज्या मिळकतीच्या छायेत आम्ही खेळायचो, तिच्या दुकानांचं भाडं एका वडापावाइतकं होतं. भाडेकरू कुणाचे कोण होते ते लिहीत नाही. पण त्या तिघांची फी त्या दुकानांत होती.

मावळतीचं ऊन

काका-आत्यांच्या वादाला आपल्या मातीतला जुना धागा आहे. नाशिकची पांडवलेणी, दहा क्रमांकाचं लेणं. क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा सुमारे इ. स. १२० चा लेख आहे तिथे. गोवर्धन इथल्या कोष्ट्यांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यवसायसंघांकडे, त्याने तीन हजार कार्षापण (तेव्हाची नाणी) ठेवले. दोन हजारांवर महिना एक टक्का, हजारावर महिना पाऊण टक्का. मुद्दल परत द्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. दोन हजारांच्या व्याजातून लेण्यात पावसाळ्याचा मुक्काम करणाऱ्या वीस भिक्षूंना चिवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी बारा कार्षापण. हिशेब करा, २४० बरोबर येतात. या ठेवीला लेखात शब्द आहे 'अखयनिवि', अक्षयनीवी. एन्डावमेंटला इतका सुंदर मराठी मुलखातला शब्द असताना आपण तो वापरत नाही.

नालंदाही गावांच्या उत्पन्नावर चालायची. ह्युएन त्संगने शंभरेक गावं सांगितलीत, आणि सुवर्णद्वीपाचा राजा बालपुत्रदेव याच्या विनंतीवरून पाल राजा देवपालाने पाच गावं लावून दिल्याचा ताम्रपट तिथेच सापडला. परदेशी राजाने बांधलेल्या विहारासाठी इथल्या राजाने घातलेली सोय. 

तटस्थ नाही

मूळ लेखातल्या एका मुद्द्याला विरोध. 'वक्फ ताठ, कॉलेज लवचीक' हे तिमूर कुरान या अर्थशास्त्रज्ञाचं म्हणणं आता सगळीकडे उचललं जातं. त्यात तथ्य आहे, पण अर्धं. इस्लामी कायद्याच्या हनफी पंथाचे काझी पडीक वक्फ मिळकत बदलून दुसरी घ्यायला परवानगी देत, त्याला इस्तिबदाल म्हणत. ऑटोमन काळात तर रोख रकमेचे वक्फ सर्रास होते, पैसा व्याजाने लावून शिक्षकाचा पगार काढायचा. बिरगिवी यांच्यासारख्या विद्वानांनी हे हराम म्हणून झोडपलं, आणि सुलतान सुलेमानचे शेख-उल-इस्लाम, म्हणजे सर्वोच्च धर्माधिकारी, अबुस्सुऊद यांनी लोकांची गरज आणि रूढी पाहून ते उचलून धरलं. म्हणजे कायदा वाकत होता.

वक्फ विद्यापीठं मोडली ती मुख्यतः राज्यकर्त्यांच्या हातून. इजिप्तमध्ये मुहम्मद अलीने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला वक्फ जमिनी सरकारात ओढल्या. इस्तंबूलला १८२६ मध्ये महमूद दुसऱ्याने सगळे मोठे वक्फ एका खात्याखाली आणले. कैरो विद्यापीठ १९२५ मध्ये सरकारी झालं. १९५२ मध्ये कौटुंबिक वक्फ रद्द झाले आणि १९६१ च्या कायद्याने अल्-अझहर सरकारची झाली. तिथे वैद्यकी आणि अभियांत्रिकी आली, मुली आल्या, ते उत्तम झालं. पण तेव्हापासून तिला सरकारपुढे मान वर करणं कठीण गेलं.

आणि पश्चिमेचे राजेही काही साधू नव्हते. आठव्या हेन्रीने मठ लुटले, १५४५ मध्ये तर ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या कॉलेजांवरही हात टाकता येईल असा कायदा करून घेतला. ती वाचली, आणि उलट १५४६ मध्ये मठांच्याच जमिनी देऊन त्याने केंब्रिजला ट्रिनिटी काढलं. खरा फरक मला दिसतो तो १८१९ मध्ये, अमेरिकेत. डार्टमथ कॉलेजची सनद १७६९ ची, राजाने दिलेली. न्यू हॅम्पशरच्या विधिमंडळाने १८१६ मध्ये ते कॉलेज सरकारी करायचं ठरवलं. सर्वोच्च न्यायालयाने, सरन्यायाधीश मार्शल यांनी सांगितलं की सनद हा करार आहे, राज्याला तो मोडता येत नाही. हार्वर्ड-येलचे निधी आज एवढे मोठे आहेत त्यामागे कुणा हुशार गुंतवणूकदाराआधी हा निकाल उभा आहे. सरकारला 'नाही' म्हणणारं न्यायालय.

तुर्कस्तानात हे दोन्ही एकाच चित्रात दिसतं. १९८४ मध्ये डोग्रामाजी यांनी बिल्केंट काढलं, १९९३ मध्ये कोच घराण्याने आपलं. तुर्की भाषेत त्यांना वक्फ विद्यापीठंच म्हणतात. नाव जुनं, आतली घडण आधुनिक फाउंडेशनची. आणि २०१६ च्या बंडाच्या प्रयत्नानंतर एका हुकुमाने अशी पंधरा विद्यापीठं बंद झाली. अमेरिकेतही २०१७ मध्ये मोठ्या निधींच्या उत्पन्नावर १.४ टक्के कर बसला, २०२५ च्या कायद्याने तो सर्वांत श्रीमंतांसाठी ८ टक्क्यांपर्यंत नेला. हात टाकायची इच्छा कुठेच संपलेली नाही.

कृष्णाकाठ

तटस्थ नाही, मान्य. डार्टमथचा मुद्दा माझ्या लेखात असायलाच हवा होता.

तुमच्या प्रतिसादामुळे बंगालचं हुगळी आठवलं. वक्फ, इंग्रज सरकार आणि विद्यापीठ तिन्ही तिथे एकाच ठिकाणी भेटतात. हाजी मुहम्मद मोहसिन यांना मूलबाळ नव्हतं. १८०६ मध्ये त्यांनी जेसोरची सय्यदपूर जमीनदारी वक्फ केली आणि उत्पन्नाचे नऊ भाग पाडले. तीन धर्मकार्याला, चार पगार आणि पेन्शनींना, दोन मुतवल्लींना. १८१२ मध्ये ते गेले. मुतवल्लींनी गोंधळ घातला, सरकारने त्यांना काढून कारभार हाती घेतला, शिल्लक साचत गेली, आणि तिच्यातून १८३६ मध्ये हुगळीला कॉलेज उघडलं. सर्वांसाठी खुलं, इंग्रजी शिक्षणाचं. बंकिमचंद्र तिथेच शिकले. एका मुसलमान जमीनदाराच्या वक्फवर वंदे मातरमचा कवी शिकला, याचा मला फार आनंद वाटतो.

पण त्या कॉलेजात मुसलमान मुलं जेमतेम होती, आणि वाकिफने हे मागितलंच नव्हतं, अशी तक्रार वाढत गेली. हंटर या इंग्रज अधिकाऱ्याने १८७१ मध्ये तिला वाचा फोडली. १८७३ मध्ये सरकारने कॉलेजचा खर्च स्वतःकडे घेतला आणि मोहसिन निधी मुसलमान मुलांच्या शिष्यवृत्त्यांकडे आणि ढाका, चितगाव, राजशाहीच्या मदरशांकडे वळवला. आता सांगा, कोण बरोबर? १८३६ चं कॉलेज चांगलंच होतं. १८७३ चा निर्णयही न्याय्य होता. चूक एवढीच झाली की मधली सदतीस वर्षं ज्यांच्यासाठी पैसा होता त्यांना कुणी विचारलं नाही.

मावळतीचं ऊन

याच जातीची गोष्ट पुण्यात घडली. पेशवे श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा देत. पेशवाई गेल्यावर एल्फिन्स्टनने ती एकदम बंद न करता कमी केली आणि त्याच पैशातून १८२१ मध्ये विश्रामबाग वाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. तिचंच पुढे डेक्कन कॉलेज झालं. १८४९ मध्ये लोकहितवादींच्या पुढाकाराने अर्ज झाला की दक्षिणेतला काही भाग मराठीत चांगली पुस्तकं लिहिणाऱ्यांना द्या, जात न पाहता. सनातन्यांनी गदारोळ केला, जोतीराव फुले सुधारकांच्या बाजूने उभे राहिले. शेवटी दक्षिणा प्राइज कमिटी आली, कॉलेजांत दक्षिणा फेलो आले. न्यायमूर्ती रानडे दक्षिणा फेलो होते. श्रावणातली दक्षिणा अशी वळत वळत विद्यापीठाच्या फेलोशिपपर्यंत पोचली. काकांना हे नक्की वाचून दाखवा.

रूहअफजावाली

पहिल्यांदाच लिहितेय. मी दिल्लीच्या जामिया हमदर्दमध्ये फार्मसी शिकले, मूळची सोलापूरची.

सगळे जमिनीबद्दल बोलताय. आमचं विद्यापीठ सरबतावर उभं आहे! हकीम अब्दुल मजीद यांनी १९०६ मध्ये दिल्लीत दवाखाना काढला, पुढच्या वर्षी रूहअफजा आलं. त्यांचे चिरंजीव हकीम अब्दुल हमीद यांनी १९४८ मध्ये चालता कारखाना वक्फ केला. फाळणीनंतरचं वर्ष होतं, भाऊ पाकिस्तानात गेलेले, दिल्ली अजून भेदरलेली. अशा वेळी माणूस आपली मिळकत गाठोड्यात बांधतो, यांनी ती सोडून दिली. नफ्यातून तुघलकाबादजवळ संस्था उभ्या राहिल्या आणि १९८९ मध्ये अभिमत विद्यापीठ झालं. धाकटे हकीम मुहम्मद सईद यांनी कराचीतही तसंच केलं.

पाणचक्कीजवळ यांनी लिहिलं की चक्कीचं काम गेलं. मला वाटतं इथे फरक असा की कारखाना रोज बाजारात उभा असतो. लोकांना नको ते बनवलं तर लगेच कळतं. टाटांचंही तसंच, टाटा सन्सचे ६६ टक्के शेअर ट्रस्टांकडे आहेत. जमशेदजींनी बंगळूरच्या विज्ञान संस्थेसाठी मुंबईतल्या इमारती लावून दिल्या होत्या. इमारत काय, कारखाना काय, चालवणारा जागा हवा.

आमच्या वसतिगृहात उन्हाळ्यात रूहअफजा मिळायचं. प्रत्येक ग्लासात आपलीच फी आहे असं आम्ही म्हणायचो.

हिशेबनीस

कृष्णाकाठ, संस्थेला पत्र पाठवणार असाल तर मसुदा टाका. दोन गोष्टी मात्र त्यात हव्यातच. पुढे हेतू पुन्हा अडला तर कोण आणि कसा बदलणार ते, आणि वर्षाला किती टक्के खर्चायचे ते.

कृष्णाकाठ

रविवारी सगळे जमलो. धागा मी मोठ्याने वाचला. काका दक्षिणेच्या गोष्टीपर्यंत गप्प होते. मग म्हणाले, अण्णा स्वतः वारावर जेवून शिकले, कुणाच्या तरी दक्षिणेवरच. आत्याने त्यांच्या हातात रूहअफजाचा ग्लास दिला, तो काही ठरवून नव्हता, घरात होतंच.

ठरलं ते असं. पाचही भावंडांची घरं मिळून ठेवीत दोन लाख घालतोय. पत्रातला मुख्य भाग:

'ही रक्कम संस्थेच्या सामायिक निधीत गुंतवण्यास आमची हरकत नाही, मात्र अण्णांच्या नावाचे खाते वेगळे दाखवावे. मागील तीन वर्षांच्या सरासरी मूल्याच्या चार टक्क्यांपर्यंत रक्कम दरवर्षी खर्च करावी, बाकी मुद्दलात मिळवावी. तालुक्यातील विज्ञान किंवा संगणक शाखेच्या ज्या विद्यार्थ्याला गणितात सर्वाधिक गुण असतील त्यास ती फीसाठी द्यावी. हा हेतू लागोपाठ दोन वर्षे पार पाडता न आल्यास प्राचार्य, विज्ञान शाखेचा एक शिक्षक आणि शिष्यवृत्ती मिळालेला एक माजी विद्यार्थी यांनी मिळून जवळचा हेतू सुचवावा आणि तो कायदेशीर मार्गाने मंजूर करून घ्यावा.'

माजी विद्यार्थी ही अट हुगळीमुळे घातली. काकांनी एकच शब्द अडवून धरला, 'तालुक्यातील'. आत्याचं म्हणणं होतं जिल्हा करा, मुलं जास्त मिळतील. तासभर झाला. शेवटी 'तालुक्यातील' राहिला, आत्याने सही केली, आणि सही करताना काकांना म्हणाली, पुढच्या वेळी बदलणारे आपण नसू.

पत्र उद्या रजिस्टर्ड पोस्टाने जाईल. हिशेबनीस, चार टक्के जास्त होत असतील तर आजच सांगा.

हिशेबनीस

चार ठीक. साडेतीन असते तर जास्त निवांत झोपलो असतो, पण पहिल्या वर्षी त्या मुलाच्या हातात सात हजारांऐवजी आठ हजार पडतील. चार राहू द्या.